जुन्या ट्रकच्या डिझेल टाकीचे पट्टे बदलताना

पट्टा तुटला, दुसरा टाकला, गाडी लायनीला लागली. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या ट्रकच्या डिझेल टाकीचं काम बहुतेक ठिकाणी एवढ्यातच उरकतं. पुढे तोच पट्टा पुन्हा त्याच जागी तुटतो, नाहीतर टाकीच्या बुडातून डिझेल पाझरायला लागतं, आणि सगळा दोष येतो पट्ट्याच्या पत्र्यावर. माझं म्हणणं सरळ आहे. या सगळ्या जोडणीत पट्टा सर्वांत शेवटी तुटतो. त्याच्या आधी रबर गेलेलं असतं, रबरामुळे पट्टा ढिला झालेला असतो, ढिल्या पट्ट्यानं ब्रॅकेट, म्हणजे टाकी जिच्यावर बसते ती चासीवरची लोखंडी बैठक, हलवून ठेवलेलं असतं. म्हणून जुन्या गाडीवर एकटा पट्टा बदलणं म्हणजे अर्धं काम. टाकी खाली उतरवून पट्टे, रबर, बोल्ट असा पूर्ण संच एकदम बदलावा आणि ब्रॅकेट त्याच वेळी तपासावं.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत टाटा १६१३, २५१५, लेलँड २२१४, २५१६ अशा जुन्या गाड्या: पत्र्याची टाकी, चासीच्या बाजूला लटकवलेली, दोन किंवा तीन ब्रॅकेटवर बसवलेली आणि तेवढ्याच पट्ट्यांनी आवळलेली. मॉडेलप्रमाणे मापं बदलतात, पण रचना आणि बिघाडाची रीत जवळजवळ सारखीच.

आधी वजनाचा हिशेब बघा. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम. म्हणजे ३०० लिटरची टाकी भरली की नुसत्या डिझेलचं वजन अडीचशे किलोच्या आसपास जातं, टाकीचं स्वतःचं वेगळंच. हे सगळं चासीच्या बाहेर, एका अंगाला लटकलेलं असतं. खड्ड्यात चाक आदळलं की तोच भार क्षणभरासाठी दुपटी-तिपटीनं वाढतो. टाकी अर्धी असेल तर वजन कमी, पण डिझेल आत हिंदकळतं आणि घाटात उतरताना प्रत्येक ब्रेकला पुढच्या ब्रॅकेटवर धक्का बसतो. कसारा किंवा खंबाटकीत रोज चढ-उतार करणाऱ्या गाडीचं पुढचं ब्रॅकेट मागच्यापेक्षा आधी का जातं, ते यावरून कळेल.

ब्रॅकेट असतं एल आकाराचं. उभा पाय चासीच्या चॅनलला बोल्टनं बसवलेला, आडवा हात टाकीखाली. भार पडला की हा एल उघडायला बघतो. सर्वांत जास्त ताण येतो तो कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे टाकीकडच्या बाजूला, आणि तडा तिथूनच सुरू होतो. टाकी जागेवर असताना ती जागा दिसतच नाही. रस्त्यावर उभं राहून, बॅटरी मारून कितीही वाकून पाहिलं तरी बाहेरची बाजू धडधाकट दिसते आणि आत अर्धं ब्रॅकेट चिरलेलं असू शकतं. टाकी उतरवा असा माझा आग्रह आहे, त्याचं मुख्य कारण हे. दुसरी गोष्ट, एल उघडताना उभ्या पायाचे वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात आणि खालचा भाग चासीवर दाबला जातो. म्हणून वरचे बोल्ट आधी ढिले होतात, आणि ते ढिले झाले की चासीचं भोक लांबट व्हायला लागतं.

आता रबराबद्दल. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये एक रबर असतं, ब्रॅकेट आणि टाकी यांच्यामध्ये दुसरं. काम दोन: लोखंडाला लोखंड घासू न देणं, आणि पट्ट्यातला ताण टिकवून ठेवणं. दुसरं काम फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. रबर दाबलेलं असताना ते सतत परत फुगायला बघतं, म्हणून टाकी थोडी हलली तरी पट्टा ताणलेलाच राहतो. रबर कडक झालं, चपटं झालं किंवा तुकडा पडून गेला की तो ताण संपतो. नट जिथे होता तिथेच असतो, चेकनटही (मुख्य नट सुटू नये म्हणून त्यावर आवळलेला दुसरा नट) हललेला नसतो, तरी पट्टा ढिला. मग टाकी दर खड्ड्याला मिलिमीटरभर उडते, पट्ट्याची कड पत्र्यावर कानसीसारखी चालते. तिथला रंग जातो, मग गंज, आणि एक दिवस सुईच्या टोकाएवढं भोक.

आपल्याकडे या रबराच्या जागी काय काय घालतात! सर्वांत जास्त दिसते ती जुनी ट्यूब. ट्यूबचं रबर डिझेल सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि पट्ट्याच्या दाबाखालून बाहेर सरकतं. दुसरा प्रकार कन्व्हेयर बेल्टचा तुकडा. तो मजबूत वाटतो, पण त्यातल्या कापडाच्या थरांत पाणी शिरतं आणि पावसाळाभर टाकीच्या पत्र्याला ओलं फडकं लावून ठेवल्यासारखी स्थिती राहते. गंज नेमका त्या पट्टीखालीच, सरळ रेषेत. तिसरा प्रकार टायरच्या फ्लॅपचा. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे दाब एका जागी येतो. घ्यायचं तर नायट्रिल रबर घ्या, तीन ते पाच मिमी जाडीचं, पट्ट्याच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिमी जास्त. निओप्रीनही चालतं. दुकानात दारा-खिडक्यांना लावतात ते ईपीडीएम रबर दिसायला अगदी तसंच असतं, उन्हापावसात उत्तम टिकतं, पण डिझेल लागलं की फुगतं. विचारून घ्या. खात्री नसेल तर एक छोटा तुकडा रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी न बुडवलेल्या तुकड्याशेजारी ठेवून लांबी-रुंदी पाहा. फुगलेलं रबर डोळ्यांना लगेच कळतं.

टाकी न उतरवता कळणाऱ्या खुणा मोजक्याच. पट्ट्याच्या कडेला चकचकीत घासलेली रेघ, तिच्याखाली तांबूस ओघळ. ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टाभोवती गंजाची पूड. टाकीला हातानं धक्का दिला की येणारा टक् असा आवाज. गोल टाकी असेल तर फिलरची मान (डिझेल भरायचं तोंड) पूर्वीपेक्षा कललेली दिसते, म्हणजे टाकी पट्ट्यात फिरली आहे. ही फिरलेली टाकी फसवते: आतली सक्शन नळी (इंजिनाकडे डिझेल ओढून नेणारी) बुडापासून उचलली जाते, तळाला बरंच डिझेल शिल्लक असतानाही इंजिन हवा ओढतं आणि गाडी बंद पडते. मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) उघडला जातो, फिल्टर बदलला जातो, आणि दोष निघतो पट्ट्यात.

कुठल्या गाड्या आधी तपासाव्यात? कोकणपट्टीत फिरणाऱ्या, उरण-जेएनपीटीकडे कंटेनर ओढणाऱ्या, आणि खास करून मासळीच्या गाड्या. बर्फ वितळून जे खारं पाणी हौद्यातून गळतं, ते चासीवरून थेट ब्रॅकेटवर येतं. मळी, मीठ, खत वाहणाऱ्या गाड्यांचंही तेच. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत गंज कमी, पण उन्हानं रबर लवकर तडकतं.

सामान आधी गोळा करा, टाकी उतरवून मग बाजारात जाऊ नका. दोन ब्रॅकेटच्या टाकीला लागतं ते असं: दोन पट्टे, पट्टा आवळणारे दोन टी-बोल्ट (डोकं टी आकाराचं), त्यांचे दोन नट, दोन चेकनट आणि जाड प्लेन वायसर. पट्टा ज्या पिनेवर अडकतो त्या दोन पिना आणि स्प्लिट पिना. ब्रॅकेट चासीला धरणारे बोल्ट, बहुधा एका ब्रॅकेटला चार म्हणजे आठ, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) आणि दोन्ही बाजूंच्या वायसरसकट. रबर किती लागेल ते टाकीभोवती सुतळी फिरवून मोजा, ब्रॅकेटच्या हातावरचे आणि उभ्या पायावरचे तुकडे वेगळे धरा, आणि एकूण मापावर हातभर जास्त घ्या. सक्शन आणि रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी) नळ्यांच्या बँजो बोल्टांना, म्हणजे आतून पोकळ असलेल्या जोडबोल्टांना, तांब्याचे वायसर, प्रत्येक बोल्टाला दोन, म्हणजे चार. जुने तांब्याचे वायसर परत लावू नका. एकदा दबलेलं तांबं पुन्हा नीट बसत नाही आणि त्याचा त्रास पुढे सांगतो तसा वेगळ्याच रूपात होतो. फ्लोटच्या (डिझेलची पातळी काट्यावर दाखवणाऱ्या) युनिटचं पॅकिंग आणि होजच्या क्लिपाही हाताशी ठेवा. तीन ब्रॅकेट असतील तर त्या हिशेबानं वाढवा.

बोल्ट ८.८ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे मजबुतीचा दर्जा) घ्या, डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट म्हणजे साधा माइल्ड स्टीलचा, तो इथे नको. जास्त मजबूत म्हणून १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट लावायचा मोह होतो, तोही नको. पाण्या-चिखलात उघडे राहणारे इतके कडक बोल्ट न वाकता एकदम तुटतात. जुना बोल्ट चार सुती की पाच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), की एम १२ म्हणजे बारा मिमीचा, हे डोळ्यांच्या अंदाजानं ठरवू नका, नवा नट जुन्या बोल्टावर हातानं फिरवून बघा. इंची आणि मिलिमीटरचे आटे दोन-तीन फेरे एकमेकांवर जातात आणि मग अडकतात. तिथे पान्यानं जोर केला की दोन्ही वाया.

कामाला सुरुवात टाकी रिकामी करण्यापासून. गाडी सपाट आणि पक्क्या जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. डिझेल हातपंपानं स्वच्छ झाकणाच्या ड्रममध्ये काढा, शेवटचं ड्रेन प्लगमधून. तळाचं डिझेल वेगळ्या डब्यात घ्या. त्यात पाणी आणि गाळ किती आहे ते पाहिलं की टाकी आतून किती गंजली आहे याचा अंदाज येतो.

इथे आगीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. डिझेल काही पेट्रोलसारखं भडकत नाही, हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं. आपल्या मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याजोगी वाफ सुटायला लागते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सियस असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला सावलीतली हवाच ४५ अंशांपर्यंत जाते, उन्हात उभ्या टाकीचा पत्रा त्याहून तापतो. म्हणजे त्या दिवसांत टाकीतलं डिझेल पेट घेण्याजोगी वाफ सोडत असतं, आणि अर्धवट रिकाम्या टाकीत ती वाफ हवेत मिसळून कोंडलेली असते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची ती यामुळे. टाकी गाडीवर असेपर्यंत गॅस कटर नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही. गंजलेला नट कापायचा असेल तर हॅक्सॉनं, वरून तेल सोडत कापा. आणि टाकीच्याच भोकाला वेल्डिंग मारायचं असेल तर ते टाकी वाफेनं धुऊन घेणाऱ्या माणसाकडेच द्या. नुसतं पाण्यानं खळबळून मारलेल्या वेल्डिंगमुळे माणसं गेली आहेत.

नट-बोल्टांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि तारेच्या ब्रशनं बाहेर आलेले आटे साफ करा. टी-बोल्टचा नट सुटताना जड जात असेल तर एक फेरा सोडा, अर्धा फेरा परत आवळा, पुन्हा सोडा. सरळ जोर लावत गेलात तर बोल्ट पिळून तुटतो, आणि तो तुटला की पट्टा एकदम सुटतो. म्हणून नटाला पाना लावण्याच्या आधी टाकीखाली आधार हवा. ट्रॉली जॅक किंवा बाटली जॅक, त्यावर टाकीच्या लांबीच्या निम्म्याहून मोठी जाड फळी. जॅकचं डोकं थेट पत्र्यावर टेकलं की पोचा पडलाच समजा.

जागेवरून हलवण्याआधी मापं घेऊन लिहून ठेवा: टाकीच्या टोकापासून ब्रॅकेटपर्यंतचं अंतर, टाकीच्या वरच्या कडेपासून चासीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, जमिनीपासूनची उंची. गोल टाकीवर पट्ट्याच्या कडेनं रंगानं रेघ मारा, म्हणजे मान त्याच कोनात बसेल. सक्शन आणि रिटर्न नळ्यांवर वेगवेगळी खूण करा, तोंडं स्वच्छ कापडानं बंद करा. फ्लोटची तार आणि अर्थिंगची तार काढा. अर्थ परत लावायचा राहिला तर काटा चुकीचं दाखवतो आणि लोक फ्लोट बदलत बसतात. मग पट्टे आलटून-पालटून थोडे-थोडे सोडा, टाकी आधारावर आली की पट्टे बाजूला करा आणि दोन माणसांनी मिळून टाकी सरळ खाली घ्या.

टाकी बाजूला, उघड्या जागी नेऊन ठेवली की खरी तपासणी सुरू होते. रबराच्या जागचा पत्रा ब्रशनं साफ करा आणि टोच्यानं हलकं टोचून बघा. वरवरचा गंज असेल तर पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि दोन हात रंग. टोच्या आत रुतत असेल तर ती टाकी नवीन पट्ट्यांच्या लायकीची नाही, टाकी बदला.

ब्रॅकेटचा आतला कोपरा तारेच्या ब्रशनं उघड्या लोखंडापर्यंत साफ करा. बारीक तडा पाहायची गॅरेजमधली पद्धत सोपी आहे: त्या जागी पातळ डिझेल लावा, कोरड्या कापडानं पुसा, वरून खडू फिरवा आणि थोड्या वेळानं बघा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूवर काळपट रेघ काढतं. तडा दिसला की ब्रॅकेट बदला. त्यावर पट्टी ठोकून वेल्डिंग केलं की ती जागा कडक होते आणि नवा तडा वेल्डिंगच्या कडेनं जातो. नवं ब्रॅकेट मिळेपर्यंत गाडी न्यायचीच असेल तर तो फक्त घरी पोचण्याचा उपाय आहे, आणि तोही टाकीत थोडकंच डिझेल ठेवून.

चासीवरची भोकं पाहा. गोल भोक अंडाकृती झालं असेल तर मोठा वायसर घालून ते झाकू नका. एक माप मोठं रीमरनं (भोक नेमक्या मापाचं गोल करणारं हत्यार) साफ करून त्या मापाचा बोल्ट घाला, ब्रॅकेटच्या भोकालाही तेच माप करा. नवीन भोक पाडायची वेळ आली तर ते चॅनलच्या उभ्या भागातच, वरच्या-खालच्या आडव्या कडांवर कधीही नाही. चासीचा सगळा वाकण्याचा ताण त्या कडांवर असतो, तिथलं एक भोक किंवा एक वेल्डिंगचा ठिपका पुढे चासी तोडतो. ब्रॅकेट चासीला वेल्ड करून टाकणं हा तर सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट.

पट्टा कंपनीचा मिळत असेल तर चासी नंबर देऊन तोच घ्या. फार जुन्या मॉडेलचा मिळत नाही, मग फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा लागतो, आणि इथेच तो बिघडतो. जुना पट्टा नमुन्याला द्या, पण तो ताणलेला असतो हे लक्षात ठेवून लांबी सुतळीच्या मापानं ठरवा. सगळं आवळून झाल्यावर टी-बोल्टवर दोन-तीन सेंटिमीटर आटे शिल्लक राहिले पाहिजेत. पुढे रबर बसल्यावर आवळायला जागा हवी. पट्टी जुन्याच जाडीची घ्या. जास्त जाड पट्टी टाकीच्या गोलाईला चिकटत नाही, कोपऱ्यांवर अधांतरी राहते आणि दाब दोनच जागी येतो. कडा कानसीनं गोल करा. ज्या कडेवर कापण्याची चीर राहते, तिथूनच पुढे फाटतं. टोकाला बोल्टासाठी पट्टी वळवून घर करतात, ते वळण गोल हवं, हातोड्यानं चेपून केलेला काटकोन नको. आणि हाय टेन्साइल (८.८ सारखा जास्त मजबूत) बोल्ट पट्ट्याला वेल्ड करून स्टड बनवू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं बोल्टाचा ताठरपणा त्या जागी बिघडतो आणि तो नेमका वेल्डिंगलगत तुटतो. वळवलेल्या घरात टी-बोल्ट मोकळा फिरला पाहिजे, म्हणजे आवळताना तो स्वतः सरळ होतो.

बसवताना आधी ब्रॅकेट. सगळे बोल्ट हातानं लावून घ्या, दोन्ही ब्रॅकेटच्या हातांवर एक सरळ पट्टी ठेवून दोन्ही एका पातळीत आहेत का पाहा, मगच आवळा. एक ब्रॅकेट वर-खाली राहिलं तर टाकी पिळली जाते आणि तिचं जोड उकलायला लागतं. टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा गाडीच्या पुस्तकात असेल तो पाळा. पुस्तक नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम १२ बोल्टाला सुमारे ८० न्यूटन-मीटर, एम १४ ला १३० च्या आसपास, एम १६ ला २०० च्या आसपास धरतात.

हे आकडे ब्रॅकेटच्या बोल्टांचे. पट्ट्याच्या नटाला ते लावू नका. एम १२ टी-बोल्ट ८० न्यूटन-मीटरला आवळलात तर रबर चिरडून बाहेर येईल, टाकीच्या कडा आत दबतील आणि पट्टा वळणापाशी ताणून ठेवाल. पट्ट्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं. नजरेची खूण अशी: रबर पट्ट्याच्या दोन्ही कडांना सारखं, किंचित फुगलेलं दिसलं की थांबा. रबर सगळीकडे दबलेलं आहे आणि हाताच्या धक्क्यानं टाकी हलत नाही, एवढंच हवं.

रबर बसवताना ब्रॅकेटवरचा तुकडा दोन-तीन ठिकाणी रबर सोल्यूशननं चिकटवा, म्हणजे टाकी ठेवताना तो सरकणार नाही. पूर्ण लांबी चिकटवू नका, खालच्या टोकाला पाणी निघून जायला वाट हवी. टाकीचा रंग पूर्ण वाळलेला असू द्या. ओल्या रंगावर दाबलेलं रबर रंग उखडून घेतं. टाकी फळीवर वर घ्या, मापं जुळवा, पट्टे घाला आणि नट आलटून-पालटून दोन-दोन फेरे आवळत जा. एक पट्टा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर टाकी तिरकी बसते. शेवटी मुख्य नट एका पान्यानं धरून दुसऱ्या पान्यानं चेकनट आवळा. मुख्य नट न धरता चेकनट फिरवला तर दोन्ही एकत्र फिरतात आणि आवळणी वाढते. आट्यांवर ग्रीस, त्यावर दोन्ही नटांवरून बोल्टावर जाणारी रंगाची एक रेघ. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे लांबूनच कळतं.

नळ्या जोडताना होजला ढील ठेवा, पण ती लोंबून ब्रॅकेटच्या कडेला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला लागता कामा नये. सक्शनच्या बाजूची गळती थेंबानं दिसत नाही, कारण तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जुना तांब्याचा वायसर परत लावल्याची शिक्षा ती हीच: खाली डाग नाही, पण सकाळी गाडी उशिरा उचलते आणि चढावर दम सोडते.

टाकीत गाळणीतून डिझेल भरा, फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप मारा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल येतं. तोपर्यंत मारत राहा, स्क्रू बंद करा आणि मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर तेच करा. स्टार्टर एका दमात पंधरा-वीस सेकंदांच्या वर चालवू नका, मध्ये थांबा. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जबर दाबानं डिझेल जातं त्या) प्रेशरच्या नळ्या अशा सैल करून एअर काढायची नसते, तिथे फक्त टाकी ते फिल्टर एवढ्याच बाजूला हात लावा.

टाकीवर नंतर चढणारं ओझंही पाहा. ताडपत्रीचा दोर टाकीच्या पट्ट्याला बांधणं, पाण्याचा कॅन त्यावर अडकवणं, डिझेलचोरी टाळायला ब्रॅकेटलाच जाळी वेल्ड करणं, टाकीवर पाय देऊन हौद्यावर चढणं, हे सगळं पट्ट्याच्या हिशेबात धरलेलं नसतं. जाळी लावायचीच तर ती चासीला वेगळ्या आधारानं बसवा आणि पट्ट्याच्या नटापर्यंत पाना जाईल एवढी जागा तिला सोडा.

नवीन रबर पहिल्या काही दिवसांत दबून बसतंच, त्यात चूक कुणाची नाही. म्हणून टाकी पूर्ण भरल्यावर आणि पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा आवळा, हजारएक किलोमीटरला आणखी एकदा. त्यानंतर दर ग्रीसिंगला रंगाची रेघ पाहणं आणि हातानं टाकी हलवून बघणं पुरे. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची तपासणी) दरवर्षी करावाच लागतो. त्या वेळी गाडी पिटावर असतेच, तेव्हा ब्रॅकेटचे वरचे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासून घ्या.